नजर हलली नाही

गोडोली, सातारा
७ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस आप्पाचे अनेक आशीर्वाद.

परवा तू फोन केलावतास. आईनं माझ्या कानाला लावला, पण मला नुसती माशी फिरल्यागत आवाज आला. तोफखान्यात नोकरी केली आणि कान तितंच ठेवून आलो, त्येला आता इलाज न्हाई. म्हणून आपलं पत्रच बरं. शेजारचे म्हणतात, व्हॉट्सॲप घ्या. घेऊन बगितलं. सकाळ झाली की सगळे फुलं पाठवतात. बोलायचं कुणालाच काय नसतं.

पत्र लिवायचं कारण नाथाजी. माझ्याच तोफांच्या बॅटरीतला गडी, तुला म्हाईत हाय. मिलिटरी कॅन्टीनच्या रांगेत भेटला आणि म्हणाला, "लाला, पोरगी काय करती रं सांगलीला?" मी सांगितलं, कान-नाक-घशाची डॉक्टर हाय, मोठ्या रुग्णालयात शिकवती पण. तर म्हणतो कसा, "म्हंजे कानातला मळ काढती व्हय!" सगळी रांग हसली. घरी येईपर्यंत राग आलावता, पण त्यो नाथाजीचा न्हाई. माझाच. पोरगी एवढी शिकली आणि ती नेमकं काय करती हे बापाला सांगता येईना.

तवा मला समजंल असं लिव. तुझा दादा जयराज मागं म्हणत हुता की तू डोळ्याला चष्मा लावून कान तपासतीस. त्यो चेष्टा करतोय का खरंच तसं हाय?

आईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन पुढच्या आठवड्यात हाय. जयराज येणार हाय, सोबत सूनबाई प्रांजल पण. तू सुट्टी काढू नकोस. तुझं काम सोडून येण्याएवढं काय न्हाई.

तुझे आप्पा

*

सांगली
११ जानेवारी २०२५

तीर्थरूप आप्पांना शिवांजलीचा साष्टांग नमस्कार.

तुमचं पत्र वाचून आधी हसले, मग माझीच चूक लक्षात आली. इतकी वर्षं मी तुम्हाला नुसत्या परीक्षा आणि निकाल कळवत गेले. काम काय करते हे कधी नीट सांगितलंच नाही.

दादा चेष्टा करत नव्हता. कानात ऐकण्याचा भाग असतो, त्याला चिकटूनच तोल सांभाळणारा भाग असतो. तीन वाकड्या बारीक नळ्या आणि त्यांत पाणी. डोकं वळलं की पाणी हलतं आणि कान डोळ्यांना कळवतो, डोकं उजवीकडे गेलं, तुम्ही तेवढेच डावीकडे फिरा. म्हणून तर हादरणाऱ्या जीपमध्ये बसूनही तुम्हाला रस्त्यावरची पाटी वाचता येते.

हे तपासायचं कसं? मी रुग्णाला माझ्या नाकाकडे बघायला सांगते. दोन्ही हातांत त्याचं डोकं धरते आणि एकदम, थोडंसंच, एका बाजूला वळवते. कान चांगला असेल तर त्याची नजर माझ्या नाकावरून हलत नाही. कान बिघडला असेल तर नजर डोक्याबरोबर घसरते आणि मग उडी मारून परत नाकावर येते. ही उडी कधी कधी साध्या डोळ्याला दिसत नाही, म्हणून तो चष्मा. त्यात कॅमेरा असतो.

आता यातली गंमत ऐका. गंमत म्हणू नये खरं तर. एखाद्याला सारखं गरगरतंय, थांबतच नाही, आणि त्याची नजर अशी उडी मारतेय, तर मला बराच धीर येतो. दोष कानात आहे, उतरेल. पण गरगरणं चालू आहे आणि नजर मात्र जागची हलत नाही, तेव्हा मी त्याला घरी सोडत नाही. कान चांगला, मग दोष आत. मेंदूच्या बुंध्यात, जिथे मान सुरू होते तिथे. तिथला रक्तपुरवठा तुटला तर श्वास, गिळणं, चालणं, सगळंच धोक्यात. आणि सुरुवातीला ते दिसतं साध्या चकरेसारखं.

नाथाजी काकांना सांगा, मळही काढते. या एकदा.

आईला सांगा, ऑपरेशनला घाबरायचं काही कारण नाही.

तुमची शिवांजली

*

गोडोली, सातारा
२० जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

आईचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा लावून बसलीय. डॉक्टरांनी सांगितलंय, वाकायचं न्हाई, डोळा चोळायचा न्हाई, प्रवास नको, मनाला ताण नको. घरातली कामं मी करतो. आमटी खारट झाली तर तिला चष्म्यातनं पण कळतं.

नाथाजीला सांगितलं बरं का. माझ्या भाषेत सांगितलं. म्हणालो, तोफ उडाली की गाडा हादरतो, पण दुर्बीण निशाणावर धरून ठेवणारं यंत्र चांगलं पायजे. तसं यंत्र माणसाच्या कानात असतं आणि माझी पोरगी ते तपासती. नाथाजीनं पिशवी खाली ठेवली. मग म्हणाला, "आयला, हे तर लय भारी काम हाय." दुकानदाराला पण थांबवून सांगायला लावलं मला. मी दोनदा सांगितलं.

एक वाईट वाटलं. जयराज आला न्हाई. प्रांजलला फोन लावला तर ती आईशी घाईत बोलली आणि ठेवला. कारखान्यात काम असंल. पण आईच्या ऑपरेशनाला न येणारा पोरगा न्हाई त्यो. तुझी गाठ पडली तर विचार.

तुझे आप्पा

*

सांगली
२४ जानेवारी २०२५

ती. आप्पांना साष्टांग नमस्कार.

आईचं छान झालं हे वाचून बरं वाटलं. दादावर रागावू नका. कुपवाडच्या कारखान्यात मोठी ऑर्डर आलीय, सुट्टी मिळेना. वहिनीही गडबडीत होती. मोकळा झाला की येईल.

तुम्ही विचारलं होतं ना, मी काय करते? या दिवसांत एक गोष्ट घडली, ती तुम्हालाच सांगावीशी वाटते.

एका सकाळी कुपवाडच्या वर्कशॉपमधून एका माणसाला आणलं. लेथ मशीनवर काम करणारा, चाळिशीच्या आतला, धडधाकट. काम करता करता जग फिरायला लागलं म्हणाला आणि खालीच बसला. दोघांनी मोटरसायकलवर मधे धरून आणला. सारख्या उलट्या, डोळा उघडवत नव्हता. आमच्या अपघात विभागातल्या डॉक्टरांनी लगेच डोक्याचा सीटी स्कॅन केला. काही नाही. एमआरआय केला. त्यातही काही नाही. बोलणं नीट, हातपाय चालतायत. कानाची चक्कर आहे, गोळ्या देऊन दुपारी घरी पाठवू, असं ठरलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. माझ्यासमोर तेवढेच कागद असते तर मीही तेच म्हणाले असते.

मला निरोप आला म्हणून मी खाली गेले. त्याचं डोकं हातांत धरलं, नाकाकडे बघ म्हणाले, वळवलं. नजर हलली नाही. दुसऱ्या बाजूला वळवलं. हलली नाही. मला वाटलं, माझाच हात हळू पडला. चष्मा आणवला. चष्म्यानेही तेच सांगितलं.

मग डावीकडे बघायला लावलं, तर बुबुळं डावीकडे झटके देत होती. उजवीकडे बघायला लावलं, तर उजवीकडे. कानाचा दोष असता तर झटक्यांची दिशा बदलली नसती. शेवटी एकेक डोळा झाकून उघडला, तर उघडलेला डोळा किंचित वरून खाली येऊन जागेवर बसत होता. तीनही गोष्टी एकच सांगत होत्या, दोष मेंदूत आहे.

मी म्हणाले, हा माणूस घरी जाणार नाही. एक डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मॅडम, तुम्ही मनाला जास्त लावून घेताय. दोन्ही रिपोर्ट साफ आहेत." मी म्हणाले, "मेंदूच्या बुंध्यातला पक्षाघाताचा झटका पहिल्या दिवशी एमआरआयमध्ये चुकू शकतो. मी डोळ्यांवर विश्वास ठेवतेय, त्याच्या."

मेंदूविकाराचे दुधगावकर सर स्वतः आले. त्यांनी तपासलं आणि विचारलं, "मानेला काही झालं होतं का?" तेव्हा तो सांगायला लागला की रविवारी दाढी केल्यावर न्हाव्याकडून नेहमीसारखी मान कडकन मोडून घेतली, तेव्हापासून मागे दुखतंय. सरांनी लगेच मानेतल्या रक्तवाहिन्यांची तपासणी करायला लावली. मेंदूकडे जाणाऱ्या एका वाहिनीचं आतलं अस्तर फाटलं होतं. तिथे गुठळ्या होत होत्या.

दुसऱ्या दिवशी त्याचा आवाज बसला आणि पाण्याचा घोट श्वासनळीत जायला लागला. पण तेव्हा तो आमच्यासमोर होता, औषधं चालू होती. घरी असता तर काय झालं असतं, ते लिहीत नाही. पुन्हा एमआरआय केला, तेव्हा झटका आला होता ती जागा अगदी स्पष्ट दिसली.

तो वाचला आहे, आप्पा.

तुमची शिवांजली

*

गोडोली, सातारा
२८ जानेवारी २०२५

चि. शिवांजलीस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं. अंगणात खुर्ची टाकून पुन्हा वाचलं. सगळी यंत्रं एक सांगत असताना आपण आपल्या हाताला जे कळलं त्येच्यावर उभं ऱ्हायचं, ह्येला छाती लागते. मी फौजेत अशी माणसं थोडी बगितली. मोठी पदकं मिळालेली सगळीच काय त्यांत नव्हती.

आता एक इचारतो. तुला त्या डॉक्टरनं मनाला लावून घेताय असं का म्हणावं? परक्या माणसाबद्दल असं कोण बोलत न्हाई.

कुपवाड. लेथ. चाळिशीच्या आतला. दर रविवारी दाढी झाल्यावर मान मोडून घेणारा. पोरी, असा एक माणूस मी त्यो जन्मल्यापास्नं वळखतो.

जयराज कसा हाय?

आईला मी काय बोललो न्हाई. पत्र खिशात ठेवून आलो आणि भाजी चिरत बसलो. पिशवीत दोन कपडे भरून ठेवलेत. मी आत्ता निघालो असतो, पण तिला एकटीला ठेवता येत न्हाई आणि नेता पण येत न्हाई, आणि तू हे लपवलंस म्हंजे त्येला कारण असंल. तितला हुकूम तुझा. तू ये म्हणशील तवा यष्टीत बसतो. पण खरं लिव. चांगलं असू दे न्हाईतर वाईट. फकस्त खरं.

तुझे आप्पा

*

सांगली
३० जानेवारी २०२५

आप्पा,

दादाच.

पत्रात जे लिहिलं त्यातलं काही खोटं नाही, फक्त नाव गाळलं. आईला ताण नको म्हणून मी आणि वहिनीने ठरवलं होतं, धोका टळेपर्यंत कळवायचं नाही. तुम्हाला एकट्याला सांगितलं असतं तर तुम्ही आईसमोर दिवसभर तोंड कसं लपवलं असतं? ते तुम्ही आता करताय, हे वाचलं आणि मला फार लागलं.

आता उरलेलं सांगते. मला निरोप आला तो वहिनीचा होता. मी पळत खाली गेले तर दादा कुशीवर पडलेला, तोंडाशी पातेलं. मला बघून म्हणाला, "शिवे, आलीस? लवकर बघ आणि सोड मला. आईकडं जायचंय." मी त्याचं डोकं हातांत घेतलं. आप्पा, मी आजवर किती लोकांची डोकी धरली असतील. पण ज्याच्या खांद्यावर बसून मी जत्रा बघितली त्याचं डोकं कधी असं धरावं लागेल असं वाटलं नव्हतं. मी क्षणभर डोळे मिटले आणि स्वतःला सांगितलं, हा पेशंट आहे. मग वळवलं. त्याची नजर माझ्यावरून हलली नाही. किती साधं दिसतं ते! भाऊ बहिणीकडे बघतोय, एवढंच. मग दुसऱ्या बाजूला वळवलं आणि चष्मा मागवला.

सगळ्यांना ठाऊक होतं की तो माझा भाऊ आहे. म्हणून ते म्हणाले, मनाला लावून घेताय. त्यांचा संशय रास्त होता. मलाही तोच संशय होता. मी बहीण म्हणून घाबरतेय की डॉक्टर म्हणून? म्हणून दुधगावकर सरांना मी काहीच सांगितलं नाही. एवढंच म्हणाले, "सर, तुम्ही स्वतः तपासा. मला काय आढळलं ते मी नंतर बोलेन." त्यांनी डोकं वळवून बघितलं, डोळे झाकून बघितले, आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "आधी दाखल करा. बाकी नंतर बोलू." तेव्हा मी पहिल्यांदा खुर्चीत बसले.

आजची स्थिती अशी. नाकातून नळी आहे, जेवण त्यातूनच. आवाज घोगरा, कुजबुजल्यासारखा. उभा राहिला की डाव्या बाजूला झुकतो. उचक्या फार लागायच्या, आता कमी आहेत. हातापायांत ताकद आहे, बुद्धी शाबूत आहे, नर्सची चेष्टा करतो. दुधगावकर सर म्हणतात, गिळणं आणि चालणं परत येईल, वेळ लागेल. आवाजाचं आताच सांगता येत नाही. हे सगळं खरं लिहिलंय.

वहिनी खंबीर आहे. मी तिच्यासमोर आणि दादासमोर अजून रडलेले नाही.

आईच्या डॉक्टरांना विचारा आणि त्यांनी हो म्हटलं की दोघं या. हा हुकूम नाही, विनंती आहे. मला तुम्ही हवे आहात.

शिवा

*

गोडोली, सातारा
१८ मार्च २०२५

चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद.

काल आमी सुखरूप पोचलो. एवढे दिवस सांगलीला तुझ्याजवळ ऱ्हायलो, रोज समोरासमोर होतो, तरी काय काय बोलायचं ऱ्हायलंच. मला समोर बोलता येत न्हाई. म्हणून लिवतो.

तुझ्या आईला मी कसं सांगितलं ते तू इचारलंवतंस आणि ती नुसती हसलीवती. ऐक. तिला खाटेवर बसवलं, हातात हात घेतला, पाणी जवळ ठेवलं आणि सगळं सांगितलं. मला वाटलं आता कोसळती. तिनं काळा चष्मा नीट केला आणि माझ्या कानात वरडली, "आवं, मंग बसलाय काय? उठा की!" डोळ्याच्या डॉक्टरांकडं तीच मला वढत घेऊन गेली. त्यांनी परवानगी दिली तवा सांगलीची गाडी पण तिनंच हात करून थांबवली.

जयराजची नळी काढल्यावर तिनं त्येला पहिला घट्ट पेजेचा चमचा भरवला, तवा तू दारात उभी हुतीस. घोट आत गेला, ठसका लागला न्हाई, आणि तू तोंड फिरवून कॉरिडॉरमधी गेलीस. मी मागनं आलो न्हाई. प्रांजल आली, तिला मीच पाठवलीवती. तुला लय दिवसांचं रडायचं हुतं.

आता रुग्णालयातल्या त्या सभेचं, जिथं तू सगळ्या डॉक्टरांपुढं बोललीस. त्या संध्याकाळी जेवताना तू मला इचारलंस, "आप्पा, सभागृहात वरडला का? कुणाशी भांडण झालं काय?" आई हुती, दुधगावकर डॉक्टर हुते, म्हणून मी मान हलवून भाकरी मोडत बसलो. भांडण न्हाई झालं.

असं झालं. मी आणि जयराज मागच्या रांगेत बसलोवतो. सगळे डॉक्टर. मला तर एक शब्द ऐकू येत न्हाई, म्हणून मी तोंडं बगत हुतो. तू उभी ऱ्हायलीस, भिंतीवर दोन डोळ्यांचं मोठं चित्र आलं. आधी कोण मोबाईल बगत हुतं, कोण शेजाऱ्याशी बोलत हुतं. मग एकेक जण थांबला. पुढच्या रांगेतल्या एका डॉक्टरकडं जयराजनं बोट केलं, तुला मनाला लावून घेताय म्हणालेला त्योच. त्यो वहीत लिवून घेत हुता आणि मधनंच हात वर करून तुला इचारत हुता. तू उत्तर दिलंस की मान हलवत हुता. मला त्येचं पण बरं वाटलं. शिकायला लाजला न्हाई गडी.

जयराजला माझ्या कानात मोठ्यानं बोलता येत न्हाई, आवाज कुठाय त्येला. म्हणून त्यो कागदावर लिवून दावत हुता. हात अजून सरळ चालत न्हाई, अक्षरं उतरणीला लागल्यागत. त्यानं लिवलं, "आता ती पेशंटबद्दल सांगतेय." मग तू जरा थांबलीस, पाणी प्यालीस. सगळी सभा हलंना. त्यानं लिवलं, "ती म्हणाली, हा पेशंट माझा भाऊ आहे." आणि पेन्सिल खाली ठेवून डोळे पुसत बसला.

मग टाळ्या. टाळ्या मला दिसतात. पुढनं मागं सगळे हात हलत हुते, दुधगावकर डॉक्टर तर उभेच ऱ्हायले.

तेवढ्यात शेजारचे एक पांढऱ्या केसांचे डॉक्टर माझ्याकडं वळून काय तरी बोलले. मी कानाला हात लावला. ते पुन्हा बोलले. जयराजनं पेन्सिल उचलली आणि लिवलं, "विचारतायत, तुम्ही कोण?"

आता बहिऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा निघतो ते कळत न्हाई. आणि त्या वक्ताला कळलं असतं तरी मी बारीक केला नसता.

मी म्हणालो, "तिचा बाप!"

सगळी सभा वळून बगाय लागली. तू पण कागद गोळा करायची थांबलीस. त्येच तुला वरडल्यागत ऐकू आलं.

तुझे आप्पा